एफिससचं बंदर बुजलं कसं?

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एफिसस या प्राचीन ग्रीक शहरापासून आज समुद्र काही किलोमीटर लांब आहे. ‘समुद्र मागे हटला’ असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. जमीन पुढे सरकली, आणि ती सरकवली काइस्ट्रोस नदीने, म्हणजे आजच्या क्यूचुक मेंदेरेसने.

वाहत्या पाण्यात गाळ तरंगत राहतो, पाणी संथावलं की बसतो. बारीक कणांचा बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण पाऊण तास घेतो. ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला शंभरपट वेळ, म्हणजे तीन दिवस लागतात. एवढा बारीक कण खुल्या समुद्रात निघून जायला हवा. पण चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते त्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातले आयन, म्हणजे मिठाचे विद्युतभारित कण, हा भार झाकतात, कण चिकटून गुठळ्या होतात आणि भराभर तळ गाठतात. नदी जिथे समुद्राला मिळते, नेमका तिथेच गाळ साचतो तो म्हणून.

इ.स.पू. ३००च्या सुमारास अलेक्झांडरचा एक सेनापती लायसिमाकस याने शहर नव्या जागी वसवलं. पुढे पेर्गामोनचा राजा दुसरा अ‍ॅटलस याने बंदराचं तोंड बांध घालून अरुंद केलं. तोंड चिंचोळं झालं की आत खोली वाढेल, हा हिशेब. झालं उलटंच. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की पूर्वी भरती-ओहोटी गाळ बाहेर ओढून नेत असे; आता तो आतच अडकला आणि बंदर उथळ झालं.

रोमन काळात शहर आशिया प्रांताची राजधानी झालं, सेल्ससचं ग्रंथालय उभं राहिलं, आणि गाळाशी झुंज चालूच राहिली. नीरोच्या काळात बारेआ सोरानस या प्रांताधिकाऱ्याने बंदर मोकळं केलं, सम्राट हेड्रियनने नदीचा प्रवाह वळवला. दुसऱ्या शतकात तर दगड कापताना निघणारा चुरा बंदरात टाकू नका, असा फतवा काढावा लागला. शहरं शापाने ओस पडतात असं मानणाऱ्यांनी हा फतवा जरूर वाचावा.

४३१ साली ख्रिस्ती धर्मपरिषद इथेच भरली. नंतर वस्ती हळूहळू जवळच्या आयासोलुक टेकडीकडे सरकली. तिथली इसा बे मशीद १३७५ची. एफिससमधल्या आर्टेमिस देवीच्या मंदिराचा पायाही गाळात इतका खोल गेला होता की ब्रिटिश उत्खननकार जॉन टर्टल वूडला तो १८६९मध्ये, अनेक वर्षं शोधल्यावर सापडला. व्यापार मात्र त्याआधीच दक्षिणेला, आजच्या कुशादासीकडे गेला होता.