नीलपुष्पी की पर्प्युरिया? पानं सोडा, निदलं बघा

कुंपणावर निळी-जांभळी कर्ण्यासारखी फुलं दिसली की त्यांना सरसकट ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हटलं जातं. त्यातल्या दोन वेली जाणकारांनाही चकवतात. एक आयपोमिया निल, म्हणजे आपली नीलपुष्पी किंवा काळादाणा. ती पावसाळ्यात रानात आपोआप उगवते. दुसरी आयपोमिया पर्प्युरिया, मूळची मेक्सिकोकडची आणि आपल्याकडे बागेत लावली जाणारी. दोन्ही वर्षायू, दोन्हींची खोडं केसाळ, फुलंही साधारण सारख्याच मापाची.

बहुतेकांची चूक पानापाशी होते. नीलपुष्पीचं पान तीन खंडांचं आणि पर्प्युरियाचं अखंड, बदामी, हे ढोबळमानाने खरं आहे. पण नीलपुष्पीच्या वेलावरही काही पानं अखंड निघतात आणि पर्प्युरियाची कधी कधी त्रिखंडी. रंगावर तर मुळीच जाऊ नका. नीलपुष्पीचं पहाटे निळं असलेलं फूल कोमेजताना गुलाबीसर होतं, म्हणजे त्याच फुलाचा रंग सकाळी एक आणि दुपारी दुसरा.

खात्रीची खूण फुलाच्या बुडाशी आहे. कोमेजलेलं फूल हलकेच ओढून काढा, मागे पाच निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, राहतील. बाहेरच्या निदलाला पट्टी लावा. नीलपुष्पीत ते पावणेदोन ते तीन सेंटिमीटर लांब भरतं. बुडाशी रुंद आणि दाट केसाळ, मग निमुळतं होत होत टोकाला दोऱ्यासारखं बारीक. पर्प्युरियाचं निदल जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर, आखूड टोकाचं, शेपटी नाहीच. टोकं लांब असून बाहेरच्या बाजूला आकड्यासारखी वळलेली असतील, तर ती तिसरीच वेल, आयपोमिया हेडरेसिया. आणि निदलं चिमुकली, अगदी गुळगुळीत असतील तर बहुधा आयपोमिया ट्रायकलर, जिचा ‘हेवनली ब्लू’ हा बागेतला वाण आहे.

निदलं फळावरही टिकतात, त्यामुळे फुलं संपल्यावरही ओळख पटते. पर्प्युरियाचा फळदेठ खाली वळतो, नीलपुष्पीचा तसा वळत नाही. फळ फोडून बिया मोजण्यात मात्र अर्थ नाही. दोन्हींत तीन कप्पे आणि पूर्ण भरल्यास सहाच बिया.

लावताना दोन्हींच्या बियांचं कवच कठीण असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. शेणखत, युरिया जास्त झालं की वेल नुसती पानावर जाते. नीलपुष्पीला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती लावली तर वेल हिरवीगार वाढेल, पण कळ्या उशिरा येतील किंवा येणारच नाहीत. कुंडी रात्री अंधार राहील अशा बाजूला हलवा.

बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. काळादाणा हा जालीम रेचक आहे, आणि ट्रायकलरच्या बियांत भ्रम निर्माण करणारी द्रव्यं असतात.