दहा टक्क्यांची सूट आली कुठून?

समोरून येणाऱ्या गाडीनं दोनदा डिपर मारला की आपल्याकडे समजायचं, पुढे वेग मोजायची गन लावून पोलीस उभे आहेत. यवतमाळ-वणी रस्ता असो की अकोला-वाशीम, टपरीवरची माहितीही सगळीकडे तीच: ‘साठच्या बोर्डावर पासष्टपर्यंत काही होत नाही जी.’ कुणी पाच टक्के सूट सांगतो, कुणी दहा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ११२ वेगमर्यादा घालतं, कलम १८३ शिक्षा सांगतं, आणि या दोन्ही कलमांत कुठेही टक्के नाहीत. साठच्या मर्यादेत एकसष्ट हाही गुन्हाच.

दहाचा आकडा मात्र कायद्याच्या शेजारीच सापडतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम स्पीडोमीटरबद्दल आहे. त्यात काट्याला दहा टक्के कमी-जास्तीची मुभा आहे. गाडी खरोखर साठनं धावत असताना काटा चौपन्न दाखवू शकतो किंवा सहासष्ट. ही मुभा यंत्राच्या चुकीसाठी होती. टपरीवर येईपर्यंत ती चालवणाऱ्याची झाली, आणि हा बदल मला साधा वाटत नाही. वेग दहा टक्के वाढला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला एकवीस टक्के जास्त अंतर लागतं. दिवेलागणीला मागे रिफ्लेक्टर नसलेली कापसाची बैलबंडी पुढे असते, तेव्हा तेवढं अंतर हाताशी नसतं.

दुसरं मूळ आणखी जुनं आहे. ‘गाडी जोरात होती असं मला वाटलं,’ एवढ्या एकट्या साक्षीवर कुणाला दोषी धरता येत नाही. तो अंदाज यंत्राच्या आधारावरचा असावा लागतो. ही अट १९३९ च्या कायद्यात होती आणि कलम १८३ मध्ये ती आजही आहे. गावाकडच्या पोलिसाकडे कितीतरी वर्षं यंत्रच नव्हतं. बाभळीखाली उभ्या शिपायानं एकसष्ट आणि सहासष्ट यांतला फरक ओळखावा तरी कसा? तो उघड सुसाट जाणाऱ्यालाच अडवायचा. लोक ज्याला सूट म्हणतात, तिचा मोठा भाग या नाइलाजातून आला, असं माझं मत आहे.

आता यंत्र आलं आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला; तिथे मोटारींना मर्यादा १२० ची. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात यंत्रांनी रस्त्यावर नजर ठेवण्याचं कलम १३६-अ आणलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आला. त्यानुसार कॅमेऱ्याला किंवा गनला प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक हवा. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते.

१ जुलै २०२५ पासून रडारवर चालणाऱ्या वेगमापक यंत्रांना वैधमापनाची, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, पडताळणी आणि शिक्काही लागतो. जिनिंगवर कापूस मोजायला नेणाऱ्याला हा शिक्का नवा नाही. तिथल्या काट्यावर तो आधी शिक्काच बघतो. चालानसोबतही त्यानं तसंच बघावं: गाडीचा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण. नियमाप्रमाणे हे सगळं द्यावंच लागतं.