आगमनकाळ : आध्यात्मिक तयारी आणि समाधान

आगमनकाळ हा नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ असून ख्रिस्ती उपासना-वर्षाचा आरंभ त्यापासून होतो. पहिला रविवार ३० नोव्हेंबर या प्रेषित अंद्रियाच्या दिवसाला सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. त्यामुळे हा काळ कधी २२, तर कधी २८ दिवसांचा असतो. या दिवसांत बेथलेहेमातील जन्माचे स्मरण आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा एकत्र चालते. रोमन कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत पुनरागमनावर आणि १७ पासून जन्मकथेवर भर असतो.

सोलापुरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मुळे १९व्या शतकातील अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आहेत. या मिशनच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या) परंपरेत उपासना-वर्षातील काळांना फारसे महत्त्व नव्हते. पुढे तिचा वारसा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आला, जिथे हे काळ काटेकोरपणे पाळणारी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) परंपराही सामील झाली. या संयुक्त मंडळीची नागपूर येथे स्थापना झाली तो २९ नोव्हेंबर १९७० हा दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

उपासनेचा रंग जांभळा असतो. तिसऱ्या रविवारी, जो आनंदाचा रविवार मानला जातो, काही ठिकाणी गुलाबी वापरतात. हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जाण्याची प्रथा योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये हँबुर्ग येथील अनाथ मुलांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून आली. घरोघरी मात्र तयारी दुहेरी असते. एकीकडे कुटुंबप्रार्थना, शास्त्रपाठ आणि पापांगीकार. दुसरीकडे चांदणीचा आकाशकंदील आणि फराळ. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज त्यांचे पाणी बदलावे लागते, करंज्यांचे सारण भाजावे लागते. या लगबगीत पहिली बाजू मागे पडते, म्हणूनच मनाची तयारी जाणीवपूर्वक करावी लागते.

समाधान हा या काळाचा गाभा मानणे योग्य ठरते, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. उपासनेत वाचायच्या शास्त्रपाठांचा तीन वर्षांचा क्रम ठरलेला असतो; त्यात तिसऱ्या रविवारी एका वर्षी लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय येतो. ‘आम्ही काय करावे?’ असे लोक विचारतात, तेव्हा बाप्तिस्मा करणारा योहान उपास सांगत नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक नसणाऱ्याला द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणाला छळू नये आणि आपल्या वेतनात तृप्त राहावे, असे तो सांगतो. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरात अंगरख्याचे हे वचन थेट भिडते, कारण कापडामागचे श्रम येथे घरोघरी ठाऊक आहेत. तृप्त राहण्याची आज्ञा मात्र ज्याच्या हाती दंडुका आहे त्याला उद्देशून आहे. विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईला हे वचन ऐकवून तिची रास्त मजुरीची मागणी गप्प करणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

त्याच रविवारी फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील आनंदाचा पाठ वाचतात. प्रेषित पौलाने हे पत्र कैदेतून लिहिले. याच अध्यायात पुढे, विपुलता आणि टंचाई या दोहोंत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो, असे तो म्हणतो. म्हणजे समाधान हा त्याचा जन्मजात स्वभाव नव्हता, ते त्याला शिकावे लागले. हे शिक्षण आगमनकाळात लहान गोष्टींतून होते: उसनवारी न करता सण बेतणे, शेजाऱ्याच्या खरेदीशी आपली तुलना थांबवणे, अबोला धरलेल्या भावाकडे नाताळाआधी स्वतःहून जाणे, आणि मंडळीतील एकट्या वृद्धाच्या घरी फराळाचा पहिला डबा पोचवणे.