‘हा गेम काहून पडते बे?’ : स्कायरिमच्या क्रॅशची बदलत गेलेली कारणं

यवतमाळ-वाशीमकडच्या गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांमध्ये स्कायरिमचा एक उपाय अजून फिरतो. एसकेएसई या गेमला जोडायच्या पूरक अवजाराच्या सेटिंग फाइलमध्ये दोन ओळी टाका, एकीत ७६८ आणि दुसरीत २५६, म्हणजे गेम मधेच पडत (आपोआप बंद होत) नाही. उपाय खोटा नाही. पण तो २०१४ सालचा आहे, आणि ज्या स्कायरिमसाठी निघाला तो आताच्या स्कायरिमपेक्षा आतून वेगळा होता. गेम पडण्याचा निम्मा गोंधळ असाच होतो. दुखणं एका पिढीचं, औषध दुसऱ्या पिढीचं.

मुळात बेथेस्डा कंपनीनं स्कायरिमच्या मालिकेतले गेम उघडेच ठेवले. २००२ मध्ये मॉरोविंड आला तेव्हा जग घडवायचं अवजार, कन्स्ट्रक्शन सेट, गेमसोबतच मिळालं. कोणीही घर बांधावं, तलवार घडवावी, प्लगइन, म्हणजे गेमला जोडायची बदलांची फाइल, म्हणून दुसऱ्याला द्यावं. मात्र दोन प्लगइननी एकाच वस्तूत बदल केला की शेवटी लोड होणारा जिंकतो. तिथून लोड ऑर्डरची, म्हणजे प्लगइन कोणत्या क्रमानं लोड व्हावेत याची, कटकट सुरू झाली. २००६ च्या ऑब्लिव्हियननंतर क्रम लावणारा बॉस, बदलांचा मेळ घालणारा राय बॅश अशी अवजारं खेळणाऱ्यांनीच बनवली. बॉसची जागा पुढे लूटनं घेतली. कंपनीनं दार उघडं ठेवलं, आवराआवर गिऱ्हाइकांवर सोडली.

ऑब्लिव्हियनपासूनची आणखी एक मर्यादा कळली की बरंच कळतं. गेममधल्या प्रत्येक वस्तूला आठ अंकी षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांची) ओळख असते आणि तिचे पहिले दोन अंक प्लगइनचा क्रमांक सांगतात. सातबाऱ्यावर आधी गट क्रमांक असावा तसं. दोन अंकांत क्रमांक २५६ होतात. त्यातला शेवटचा खेळ चालू असताना तयार होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव, म्हणून प्लगइनची हद्द २५५, आणि त्यात मूळ गेमच्या फाइलीही आल्या. त्यापलीकडे गेलात की काहीही होतं. प्लगइन ज्या मास्टर फाइलवर टेकलेला असतो तीच नसेल, तर स्कायरिम मुख्य मेनूपर्यंतही पोचत नाही. सुरू होताच पडणाऱ्या गेममागे बहुतेकदा एवढंच असतं, आणि ते शोधायला सगळ्यात सोपं.

स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला, ३२ बिटचा. विंडोज अशा प्रोग्रामला साधारणपणे २ जीबी मेमरीच वापरू देतं. डिसेंबरातल्या अपडेटनं ती हद्द ४ जीबीवर नेली, पण मोठी टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) टाकणाऱ्यांना तीही पुरेना. त्यात दुसरी गोम होती. गेम सुरू होताना मेमरीचा पहिला तुकडा २५६ एमबीचा घ्यायचा आणि तो भरला की पुढचा घेताना अडखळायचा. लोडिंगचं चित्र फिरत राहायचं, नाहीतर थेट डेस्कटॉप. २०१४ मध्ये एका मॉडकारानं, म्हणजे मॉड (गेममधले असे बदल) बनवणाऱ्यानं, हे हेरलं आणि त्याचा उपाय एसकेएसईत गेला. ७६८ मधून २५६ वजा केले की पहिला तुकडा ५१२ एमबीचा होतो. त्या दोन ओळींचा अर्थ इतकाच.

२८ ऑक्टोबर २०१६ ला स्पेशल एडिशन आली, ६४ बिटची. मेमरीची ती भिंत पडली आणि त्या दोन ओळी निरुपयोगी झाल्या. तरी लोक त्या टाकतात, अंगारा लावावा तसं. नवी अडचण वेगळीच निघाली. जुन्या आवृत्तीचे मॉड इकडे उचलून टाकले की त्यातल्या ३२ बिटच्या ॲनिमेशन फाइली गेम पाडतात. त्या आधी नव्या रूपात बदलून घ्याव्या लागतात. २०१७ मध्ये क्रिएशन क्लब या बेथेस्डाच्या मॉड-दुकानासोबत हलके प्लगइन आले. एकाच क्रमांकात असे ४,०९६ मावतात, त्यामुळे २५५ चं रडगाणं बरंच कमी झालं. पण त्याच काळापासून अपडेटचं दुखणं मागे लागलं. एसकेएसईवर चालणारे डीएलएल (प्रोग्रामच्या कोडची फाइल) मॉड गेमच्या मुख्य फाइलमधले नेमके पत्ते धरून चालतात; अपडेट आलं की पत्ते सरकतात. ॲड्रेस लायब्ररी या पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या मॉडनं ते सांभाळलं खरं, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत १.६ आवृत्ती नव्या कंपायलरनं (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या अवजारानं) बांधून आली आणि असे बहुतेक मॉड एका रात्रीत बंद पडले. डिसेंबर २०२३ च्या अपडेटनं तर हलक्या प्लगइनची ठेवणच वाढवली. तशा ठेवणीचे मॉड जुन्या आवृत्तीत टाकले की गेम पडतो. त्यासाठी बीईईएस नावाचा वेगळा मॉड लागतो.

आपल्याकडे याला आणखी पदर आहेत. तालुक्याच्या गावात आजही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मॉड उतरतात. डेटा संपला, डाउनलोड अर्धवट राहिलं, आणि ती फाइल तशीच गेममध्ये गेली तर दोष मॉडकाराला देऊन उपयोग नाही. सेव्ह होत असताना लाइट गेली तर सेव्ह फाइल बिघडू शकते. म्हणून एकाच जागी सेव्ह करत राहण्यापेक्षा दरवेळी नवी सेव्ह बरी. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि कुलरची हवा माणसाकडे असते, सीपीयूच्या डब्याकडे नाही. पण उन्हाची खूण वेगळी असते. कॉम्प्युटरच बंद झाला किंवा स्क्रीन काळी होऊन सगळं गोठलं तर आधी धूळ, पंखा आणि पॉवर सप्लाय बघा. कॉम्प्युटर शाबूत राहून गेम तेवढा डेस्कटॉपवर फेकत असेल, तर बहुधा मॉडमध्येच शोधावं लागेल.

शोधण्याच्या पद्धतीचाही इतिहास आहे. स्कायरिमसोबत पॅपिरस ही स्क्रिप्टची भाषा आली आणि तिचा लॉग (नोंदींची फाइल) सुरू करता येतो हे कळल्यावर त्याच्या शेवटच्या ओळीत दिसेल त्या मॉडला लोक गुन्हेगार ठरवू लागले. तो लॉग स्क्रिप्टच्या कुरबुरी लिहितो, गेम का पडला हे नाही. स्क्रिप्टची खरी भानगड सेव्हमध्ये असते. चालू खेळातून मॉड काढला तरी त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात, आणि मग आधी धड चालणारा खेळ भलत्याच ठिकाणी बिघडतो.

स्पेशल एडिशनच्या काळात खरे क्रॅश लॉग लिहिणारे मॉड आले. पडण्याच्या क्षणी कोणता डीएलएल चालू होता, कोणती वस्तू हाताळली जात होती, हे ते नोंदवतात. मात्र हे लॉगर स्वतः एसकेएसईवरच चालतात. त्यामुळे आधी गेमच्या मुख्य फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती बघायची. १.५.९७ असेल तर एसकेएसई, ॲड्रेस लायब्ररी आणि लॉगर त्या आवृत्तीचे, १.६ च्या पुढची असेल तर तिचे.