नीस की कान्स? फोटोतल्या वाळूवर भाळून हॉटेल बुक करू नका

टूरवाल्यांच्या पत्रकात "दिवस सातवा: नीस-कान्स" असं मधे रेघ मारून छापलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मग ओळखीतलं कुणीतरी दर उन्हाळ्यात विचारतंच, की पॅरिस झाल्यावर तीन-चार दिवस निवांत समुद्रावर पडून राहायचंय, नीसला राहू की कान्सला, एकच ना ते? एकच नाही, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची दोन वेगळी गावं आहेत. आणि जो खरा फरक आहे तो सोडून लोक भलत्याच गोष्टींची तुलना करत बसतात, कुठे जास्त महाग, कुठे जास्त पॉश, कुठे सिनेमावाले दिसतात वगैरे.

कान्स तुम्हाला माहितीय. रेड कार्पेट, गाऊन, कुणाला किती मिनिटं टाळ्या पडल्या त्याच्या बातम्या. १९४६ च्या पहिल्याच फिल्म फेस्टिव्हलला चेतन आनंदांच्या सिनेमाला बक्षीस मिळालं होतं, २०२४ ला पायल कपाडियाला ग्रां प्री मिळालं, सगळं वाचलंय तुम्ही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की ज्या पायऱ्यांवर फोटो काढायला बस थांबवतात त्या १९८२ च्या एका काँक्रीटच्या कन्व्हेन्शन सेंटरच्या पायऱ्या आहेत, फेस्टिव्हल नसतो तेव्हा आत प्रॉपर्टीवाल्यांची नाहीतर जाहिरातवाल्यांची परिषद चालू असते. फोटो काढा, दहा मिनिटांत होतो.

बारीकसारीक फरक पटकन उरकते. नीस साडेतीन लाख वस्तीचं मोठं शहर, कान्स पाऊण लाखाच्या आसपास. दोघांत साधारण ३० किलोमीटर, लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास. एअरपोर्ट नीसचा, तो पण शहराच्या अंगणात, ट्रॅम थेट गावात आणून सोडते. महाग दोन्ही, कान्स जरा जास्त. झालं.

आता मुद्द्याचं, म्हणजे बीच. नीसच्या बीचवर वाळू नाही. परत सांगते, वाळू नाही, गोटे आहेत. खडी नव्हे, गुळगुळीत करडे गोटे, कुठे लिंबाएवढे कुठे मुठीएवढे, आणि ते सगळ्या किनाऱ्याभर, काठावर पण आणि पाण्याखाली पण. फोटोत ही गोष्ट कळतच नाही कारण समुद्राकडेने जो रस्ता जातो, तो प्रसिद्ध प्रोमनाद देझांग्ले, तो बीचपेक्षा चांगलाच उंचावर आहे आणि सगळे फोटो तिथून नाहीतर टेकडीवरून काढलेले, त्या उंचीवरून उन्हात चमकणारे गोटे फिकट वाळूच वाटतात. हॉटेलच्या साइटवर "बीचपासून दोन मिनिटं" लिहिलेलं असतं, ते खरंच असतं, पण कसल्या बीचपासून ते कोण लिहिणार.

हे गोटे आले कुठून तर आल्प्समधून. डोंगर इथे अगदी समुद्राला खेटून आहेत, व्हार आणि पायों या दोन नद्यांनी हजारो वर्षं दगड गडगडत आणून टाकले. पायों नदी आता शहराच्या पोटातून झाकून नेलीय, तिच्या डोक्यावर बाग आणि कारंजी आहेत, दगडांचा नैसर्गिक पुरवठा आटला, आणि समुद्र तर असलेले ओढून नेतोच, म्हणून नगरपालिका ट्रक भरभरून गोटे आणून किनाऱ्यावर ओतते. हो, पैसे खर्च करून गोटे ओततात. वाळू का नाही ओतत असं मला एका काकांनी जरा चिडूनच विचारलं होतं. अहो, ओतली तर राहणार कशी, तिथे तळ इतका उतरता आहे की पहिल्या वादळात सगळी खोल समुद्रात जाईल.

आणि हा उतारच खरा लक्षात ठेवायचा, गोट्यांपेक्षाही जास्त. आपल्या मनात बीच म्हणजे गुहागर नाहीतर मुरुड, आत चालत चालत गेलात तरी पाणी गुडघ्याला, पोरं काठावर डुंबतायत, आई साडी वर खोचून उभी. नीसला चार-पाच पावलांत पायाखालची जमीन जाते. पोहता येणाऱ्याला यासारखं सुख नाही, काठावरून सरळ खोल, स्वच्छ पाण्यात शिरायचं, गढूळपणा नावाला नाही कारण ढवळून वर यायला बारीक वाळूच नाही, तो जो निळा-हिरवा रंग बघून तुम्ही तिकीट काढलंत त्यात या गोट्यांचा मोठा हात आहे. पण पोहता न येणारा माणूस तिथे काठावर बसून पाय ओले करणार, बस्स. आणि वारा असेल त्या दिवशी लाटा काठावरच फुटतात, बाहेर येताना लाट मागून ढकलते, पायाखालचे गोटे घसरतात, अशा वेळी भलेभले चार पायांवर रांगत बाहेर येतात. त्यामुळे पाण्यात घालायचे रबरी बूट घ्याच, गावात कुठेही स्वस्तात मिळतात, आणि टॉवेलखाली टाकायला जाड चटई. ओहोटीची वाट बघत बसू नका, भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, पाणी सकाळ-संध्याकाळ तिथेच.

मग लोक म्हणतात, म्हणजे कान्सच बरं की, तिथे वाळू आहे. आहे. मऊ, पिवळसर, पाणी पण उथळ. गंमत अशी की क्रुआझेत नावाचा समुद्राकाठचा मुख्य रस्ता आहे, त्याच्यासमोरची ती वाळूसुद्धा बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे, तेव्हा नैसर्गिक-कृत्रिम असा वाद घालण्यात अर्थ नाही, गोटे ट्रकने आले आणि वाळू पण ट्रकनेच आली. पण त्या वाळूवर बसायचं कुठे? क्रुआझेतवर मोठमोठ्या हॉटेलांसमोर रांगेने बीच क्लब आहेत, छत्र्या, गाद्या, वेटर, आणि एका गादीचे दिवसाचे पैसे ऐकून माणूस आपोआप उठून बसतो. कायद्याने किनारा सरकारचाच, क्लबवाल्यांनी तो वापरायला घेतलेला असतो, कडेकडेने पाण्यात पाय भिजवत चालायला कुणी अडवत नाही, पण टॉवेल टाकून पसरायला मोकळी जागा तिथे थोडी आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये सकाळीच भरते. क्लब नीसला पण आहेत म्हणा, पण तिथे दोन क्लबांच्या मधे भरपूर फुकट किनारा उरतो. म्हणजे एकीकडे टोचणारे गोटे फुकट आणि दुसरीकडे मऊ वाळू बहुतेक विकत. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं असं की निवांत सुट्टी म्हणजे दिवसभर बीच नव्हे. माझं तर मत आहे की माणूस जास्तीत जास्त तीन तास समुद्रावर पडू शकतो, त्यानंतर भाजतो नाहीतर कंटाळतो. बाकीच्या वेळात पाठीमागचं गाव कसं आहे त्यावर सुट्टी ठरते आणि इथे मी सरळ नीसच्या बाजूने आहे, काही समतोल वगैरे राखणार नाही.

मधली फ्रेंच ताब्यातली थोडी वर्षं सोडली तर नीस १८६० पर्यंत फ्रान्समध्ये नव्हतंच, इटलीकडच्या सार्डिनियाच्या राजाचं होतं, व्हार नदी ही सरहद्द. इटली एक करायला लढलेल्या गॅरिबाल्डीचा जन्म पण नीसचाच, १८०७ चा. त्यामुळे जुन्या नीसच्या गल्ल्या इटालियन वळणाच्या आहेत, पिवळ्या-तांबड्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या, वर दोरीवर कपडे, खाली आइस्क्रीमची दुकानं. अठराव्या शतकापासून इंग्रज इथे थंडी घालवायला यायला लागले, उन्हाळ्यात नाही हं, हिवाळ्यात, आणि १८२० च्या दशकात त्यांनीच वर्गणी काढून समुद्राकाठचा तो प्रोमनाद देझांग्ले रस्ता करवला, म्हणून त्याला इंग्रजांचं नाव. आज तो साधारण सात किलोमीटर आहे आणि त्यावर निळ्या खुर्च्या ठेवलेल्यात, फुकट, कितीही वेळ बसा, कुणी ऑर्डर विचारायला येत नाही. युरोपात फुकट बसायला मिळणं म्हणजे काय हे गेलेल्यांना कळेल. याच हिवाळी पाहुण्यांच्या गावपणासाठी २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आणि कान्स? तेही नीसला पोहोचता आलं नाही म्हणूनच वसलं म्हणायला हरकत नाही. १८३४ साली लॉर्ड ब्रूम नावाचा ब्रिटिश राजकारणी इटलीकडे निघाला होता, कॉलऱ्यामुळे व्हारची सरहद्द बंद, माघारी फिरून कान्स नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबला, त्याला आवडलं, घर बांधलं, मागोमाग त्याच्यासारखे श्रीमंत आले. गाव अजूनही तसंच आहे, श्रीमंतांनी घरं बांधलेलं. ल सुके नावाची छोटी जुनी टेकडी छान आहे, एका संध्याकाळीत बघून होते, बाकी ब्रँडेड दुकानं आणि यॉट.

खाण्याचं पण नीसलाच जमतं, त्यातून शाकाहारी असाल तर जास्तच. तिथला सोका म्हणजे चक्क हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड, कागदात गुंडाळून हातात. अंडं नाही, दूध नाही, पीठ-पाणी-मीठ-ऑलिव्ह तेल. भोपळ्याच्या जातीतल्या फुलांची भजी मिळतात, ती पण खा. पिसालादियेर दिसायला कांद्याचा पिझ्झा पण त्यात अँचोव्ही मासे असतात, विचारून घ्या, पॅन बान्या नावाच्या सँडविचमध्ये ट्युना असतो. जुन्या गावातल्या कूर सालेयाचा फुला-भाज्यांचा बाजार सोमवारी नसतो, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू विकतात, आणि मातीस नि शागाल या दोन चित्रकारांची म्युझियमं मंगळवारी बंद, तेव्हा हे वार न बघता जाणारे लोक "नीसला काही नव्हतं" म्हणत परत येतात त्यात नीसचा दोष नाही. कॅसल हिलवर चढा, कॅसल नाहीये, चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला, पण वरून सगळी खाडी दिसते. रोज बाराला तिथून तोफेचा आवाज होतो, दचकू नका. एका ब्रिटिश साहेबाने बायकोला जेवणाची वेळ कळावी म्हणून ही प्रथा पाडली असं सांगतात.

वाळू हवीच असेल तर नीसला राहून ट्रेनने जा ना. व्हिलफ्रांश दहा मिनिटांच्या आत येतं, स्टेशनच्या खालीच बीच, वाळू जरा भरड पण खाडी शांत. आँतिबला जुन्या तटबंदीच्या कुशीत छोटासा वाळूचा बीच आहे, पाणी तलावाएवढं संथ, लहान पोरांना घेऊन मी तिथेच पाठवते सगळ्यांना, आणि वर पिकासोचं म्युझियम आहे. कान्सलाही एक दिवस जा, पण क्रुआझेतसाठी नको, बंदरावरून बोट पकडून सँत मार्गरीत बेटावर जा, पंधरा मिनिटं लागतात, गाड्या नाहीत, पाइन आणि निलगिरीचं जंगल, आणि फ्रान्सच्या इतिहासातला तो गूढ, लोखंडी मुखवट्याचा कैदी ज्या किल्ल्यात ठेवला होता ती कोठडी बघता येते. जाताना पाणी नि खाणं बरोबर घ्या, बेटावर सगळं महाग.

कान्सलाच मुक्काम कुणी करावा? पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं असतील आणि रोज वाळूचे किल्ले करायचे असतील तर खुशाल करा. फक्त मग हॉटेल क्रुआझेतच्या बाजूला न घेता जुन्या बंदराच्या पश्चिमेला, मिदी बीचच्या बाजूला बघा. तिथे लांबलचक मोकळी वाळू आहे, फुकट, पाणी उथळ, पाठीमागून ट्रेन जाते त्याचा आवाज येतो पण मुलांना ती पण मजा.

तारखांचं मात्र दोन्हीकडे सांभाळा. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात आणि फेस्टिव्हल पण नेमका मेच्या मध्यापासून, त्या दिवसांत कान्सच काय नीसच्या हॉटेलांचे दर पण बघवत नाहीत, आणि एवढे पैसे भरून समुद्राचं पाणी अजून १७-१८ डिग्रीच, कोकणात पोहणाऱ्याला दात वाजवणारं. मेमध्येच जाणं भाग असेल तर पहिल्या आठवड्यात जा आणि पोहण्याची आशा ठेवू नका, नाहीतर सरळ जूनचा पहिला आठवडा धरा, शाळा सुरू व्हायच्या आत परत येता येतं. शाळेची भानगड नसलेल्यांनी सप्टेंबर सोडून दुसरा महिना बघूच नये, पाणी जवळजवळ ऑगस्टएवढंच कोमट आणि गर्दी ओसरलेली.