आरक्षण नेमकं कुठे उठतं? कोल्हापुरातल्या मोकळ्या जागा आणि हरकतींची पार्श्वभूमी

बागेच्या किंवा मैदानाच्या जागेवर गृहप्रकल्पाचा फलक लागला की हरकतींचे अर्ज निघतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. बांधकाम परवाना देताना नागरिकांच्या हरकती मागवण्याची तरतूदच कायद्यात नाही. जागेचा निकाल त्याआधी, आरक्षणाच्या, म्हणजे ती जागा बाग-मैदानासाठी राखून ठेवण्याच्या, फायलीत लागतो.

कोल्हापूरला मोकळी जागा गमावणं नवं नाही. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं, कपिलतीर्थावर मंडई बसली. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचतं त्याचं नवल वाटायला नको. पण या जागा निदान सार्वजनिक वापरात राहिल्या. खासगी मालकीच्या आरक्षित जमिनींचं तसं नाही.

1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्यात बाग, क्रीडांगण अशी आरक्षणं टाकायची सोय केली. आरक्षण टाकणं सोपं, जमीन ताब्यात घेणं महाग. त्यात 1972ला महापालिका झाल्यानंतर कित्येक दशकं हद्द वाढली नाही, म्हणून शहराच्या आतल्या प्रत्येक रिकाम्या गुंठ्याचा भाव चढत गेला.

इथे कलम 127 येतं. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देतो. त्यानंतरची मुदत मुळात 6 महिने होती. 2009च्या दुरुस्तीने ती 12 आणि 2015च्या दुरुस्तीने 24 महिने झाली. तेवढ्यात संपादनाची ठोस पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते इथेही बांधता येतं. सभेत ठराव झाला, प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, एवढ्यावर भागत नाही, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये स्पष्ट केलं. या सगळ्यात नागरिकांची सुनावणी कुठेच नाही. त्यामुळे खरेदी सूचना आली आहे का, कोणत्या तारखेला आली, हे माहितीच्या अधिकारात वेळीच विचारणं हीच पहिली हरकत.

दुसरा रस्ता कलम 37चा, म्हणजे आराखड्यातला फेरबदल. त्यात राजपत्रात सूचना निघते आणि हरकतींना महिन्याभराची मुदत असते. मुदतीत पोचपावतीसह दिलेल्या अर्जालाच वजन. अर्जात रि.स.नं. (जमिनीचा रिव्हिजन सर्व्हे नंबर), आरक्षण क्रमांक, झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) हवा. ‘आमच्या मुलांनी खेळायचं कुठे’ एवढंच लिहिलेले शंभर अर्ज सुनावणीत एकाच वाक्यात निकाली निघतात.

पंचगंगेच्या 2005, 2019 आणि 2021च्या महापुरांनी हरकतीला आणखी एक आधार दिला: पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान असेच मोकळे वापर चालतात. दोन रेषांच्या मध्ये बांधकाम होतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्याच्या अटीवर. ही उंची गाठायला भराव टाकला जातो आणि पाणी शेजारच्या गल्लीत सरकतं. म्हणून पूररेषेच्या नकाशावर तो सर्व्हे नंबर दाखवून भरावाची पातळी मीटरमध्ये विचारावी. परवाना आधीच दिला गेला असेल, तर तो मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार कलम 51खाली महापालिकेकडे असतो. मात्र काम पुढे गेल्यावर तो वापरला जाण्याची शक्यता कमी होत जाते.