त्रि-हॅड्रॉन प्रणाली

क्वार्क या मूलभूत कणांपासून बनलेल्या कणांना हॅड्रॉन म्हणतात, म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन, केऑन ही सगळी मंडळी. असे तीन हॅड्रॉन एकमेकांना धरून एकाच कणासारखे वागायला लागले की ती त्रि-हॅड्रॉन प्रणाली. यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण ट्रिटियमचं केंद्रक, एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन. दोन न्यूट्रॉन एकत्र टिकत नाहीत, प्रोटॉन-न्यूट्रॉनची जोडी जेमतेम २.२२ एमईव्हीने (मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक) बांधलेली असते, म्हणजे सोडवायला तेवढीच ऊर्जा लागते, पण तिघं जमले की बांधणी एकदम ८.४८ एमईव्ही होते. हायपरट्रायटनमध्ये (प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा) तर लॅम्डा, म्हणजे न्यूट्रॉनसारखाच पण जरा जड कण, एकट्या प्रोटॉनशी बांधला जात नाही आणि एकट्या न्यूट्रॉनशीही नाही, दोघं असले तरच चिकटून राहतो, तेही अगदी कसाबसा.

गणित मात्र तीन तिगाडा काम बिगाडा. दोन कणांचं समीकरण तसंच तिघांना लावलं तर दोघं टक्कर घेतायत आणि तिसरा नुसता बाजूला उभा आहे अशी पदं मध्ये येतात आणि उत्तर एकच असं मिळत नाही. रशियन गणितज्ञ लुडविग फादेयेव यांनी १९६० च्या सुमारास यावर तोडगा काढला, तरंगफलनाचे (कणांची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलनाचे) तीन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात शेवटची टक्कर कुठल्या जोडीची झाली ते वेगळं ठेवायचं आणि तिन्ही समीकरणं एकत्र सोडवायची. आजही हेच वापरतात, पण त्यात आधी जोडी-जोडीतलं बल भरावं लागतं आणि खरा घोळ तिथेच आहे. ट्रिटियमसारख्या अभ्यासून अभ्यासून जुन्या झालेल्या केसमध्येसुद्धा नुसत्या जोडीच्या बलाने बांधणी साधारण अर्धा ते एक एमईव्ही कमी येते, मग तिघांचं मिळून वेगळं बल घालावं लागतं.

हा घोळ बघायचा तर ऋण केऑन आणि दोन प्रोटॉन यांची प्रणाली घ्या. केऑन प्रोटॉनला जोरात ओढतो, आणि लॅम्डा(१४०५) हा कण (कंसातला आकडा म्हणजे एमईव्हीतलं वस्तुमान) म्हणजे या दोघांचीच बांधलेली जोडी असावी असं डॅलिट्झ आणि तुआन यांनी १९५९ मध्येच सुचवलं होतं. केऑन-प्रोटॉनचा उंबरठा, म्हणजे दोघांच्या सुट्या वस्तुमानांची बेरीज, साधारण १४३२ एमईव्हीला आहे, त्यामुळे जोडी १४०५ ला धरली तर बांधणी २७ एमईव्ही. पण कायरल सिद्धांतावरची (क्वार्कांच्या एका सममितीवरून बल काढणारी) मॉडेलं म्हणतात की तिथे एक नाही, दोन ध्रुव (गणितात कण दाखवणाऱ्या जागा) आहेत आणि केऑनशी जास्त जवळचा ध्रुव १४२० च्या आसपास आहे, म्हणजे बांधणी जवळपास निम्मीच. आता हेच तिघांच्या गणितात टाका. यामाझाकी आणि आकाईशी यांना २००२ मध्ये ४८ एमईव्ही मिळाले, २००७ च्या एका फादेयेव गणितात ५० ते ७०, आणि कायरल बलाने फक्त २० च्या आसपास! गणिताच्या पद्धतीतही थोडा फरक होताच, पण माझ्या मते मुख्य भांडण जोडीचंच. शेवटी जपानच्या जे-पार्क या प्रवेगक केंद्रात ई१५ प्रयोगाने हेलियम-३ वर केऑन मारून हा प्रकार पकडला, बांधणी ४० ते ५० एमईव्ही आणि रुंदी (मोजलेलं वस्तुमान किती पसरतं ते) १०० एमईव्हीच्या आसपास. रुंदी जितकी जास्त तितकं आयुष्य कमी. एवढी रुंदी म्हणजे आयुष्य १०⁻²³ सेकंदापेक्षाही कमी, त्यामुळे याला कण म्हणायचं की आलेखातला नुसता उंचवटा हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये.

चार्म या जड क्वार्कवाल्या कणांतही हेच चालू आहे. २०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलेला टी-सीसी कण डी आणि डी-स्टार या दोन चार्मवाल्या कणांच्या उंबरठ्याच्या फक्त ०.३६ एमईव्ही खाली बसतो, पण डी-स्टार स्वतःच डी आणि पायॉनमध्ये फुटतो, म्हणून नीट हिशोब करायचा तर दोन डी आणि एक पायॉन असा तिघांचाच करावा लागतो. दुसरीकडे २००३ मध्ये सापडलेला डीएस(२३१७) हा कण म्हणजे डी आणि केऑनची जोडी मानली तर तिची बांधणी ४५ एमईव्ही निघते, मग अजून एक डी का चिकटू नये? गणित म्हणतं चिकटेल. जपानमधल्या बेल प्रयोगाने, ज्यात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सुद्धा आहे, असा दुहेरी धन प्रभाराचा डी-डी-केऑन कण शोधला, २०२० मध्ये निकाल आला की ठोस खूण नाही. सापडला असता तर मजा होती, कारण दुहेरी प्रभाराचा मेसॉन (एरवी क्वार्क-अँटीक्वार्कची जोडी असलेला हॅड्रॉन) एका क्वार्क आणि एका अँटीक्वार्कमधून बनूच शकत नाही.